दहावी ‘ब’चा पहिला तास

पर्यवेक्षिकाबाईंनी पट्टी सरकवली आणि अकराव्या नावाखाली लाल रेघ ओढली. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक उशिरा येणाऱ्यांची यादी, दुसरा दहावी ‘ब’च्या सराव परीक्षेतले गणिताचे गुण. गणितात नापास झालेली अकराच्या अकरा मुलं पहिल्या यादीतही होती. बाईंना मनापासून आनंद झाला. शिस्त नाही तिथे अभ्यास नाही, हे त्या वीस वर्षं घसा कोरडा करून सांगत आल्या होत्या. “हातच्या कांकणाला आरसा कशाला,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

शिस्त त्यांनीच घालून दिलेली होती. घंटेनंतर येणाऱ्याने पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं. सबब ऐकायची नाही, कारण एकाची ऐकली की सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं. या अकरा जणांना यंदा बोर्डाच्या परीक्षेला बसवणार नाही, अशी पत्रं आज पालकांना जायची होती. मुख्याध्यापकांना त्यांनी हे कळवलं होतं; गणिताच्या सरांची सही तेवढी राहिली होती.

सर आले, पेन उघडलं आणि सहाव्या पत्रापाशी थांबले.

“ही चिमणी ना?”

त्या बारीक अंगाच्या मुलीला सगळा वर्ग चिमणीच म्हणायचा.

“तीच. दोन महिन्यांत एकेचाळीस दिवस उशीर. नुसता आळस!”

“विज्ञानात एक्क्याऐंशी आहेत तिला. भाषेतही चांगले आहेत.” सरांनी पेनाला टोपण लावलं. “आळस काय फक्त गणितापुरता येतो, बाई?”

“म्हणजे?”

“दहावी ‘ब’चा पहिला तास रोज माझा असतो.”

बाईंनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. सोमवार ते शनिवार, पहिल्या रकान्यात गणितच होतं. वेळापत्रकही त्यांनीच केलं होतं, सकाळी डोकी ताजी असतात म्हणून.

“मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात?”

सर खजील झाले. “दंगा करणारेही त्यातच होते, बाई. वर्ग शांत असायचा. बरं वाटायचं मला.”

बाईंना त्यांचा राग आला, पण रागवायला आपल्याला तोंड उरलेलं नाही हेही कळलं. त्यांनी शिपायाला पाठवून चिमणीला बोलावून घेतलं.

ती आत आली नाही. सवयीने दाराबाहेरच भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“आत ये,” बाई म्हणाल्या. “रोज उशीर का होतो?”

हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“धाकट्या भावाला त्याच्या शाळेत सोडते, बाई. तिथलं फाटक आपल्या घंटेच्या वेळीच उघडतं. मग पळत येते.”

“आणि तासभर बाहेर काय करतेस?”

“वहीत लिहून घेते. खिडकीतून अर्धा फळा दिसतो.” ती जरा घुटमळली. “गणित मांडलेलं दिसतं. सोडवलेलं नाही दिसत.”

बाईंनी तिला वर्गात जायला सांगितलं. ती गेल्यावर सरांनी अकराही जणांची नावं आपल्या वहीत उतरवून घेतली. मग पत्रं उचलून बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“आणलीत? छान!” मुख्याध्यापक खुशीत होते. “संस्थेच्या अध्यक्षांना मी मघाशीच तुमचा निष्कर्ष सांगितला. वार्षिक सभेत तुमचा सत्कार करू म्हणाले. काही पालकांनाही फोन करून टाकलेत.”

“ही पाठवायची नाहीत, सर. अकराही जण परीक्षेला बसतील. गणिताचे सर त्यांना सुटलेलं सगळं पुन्हा शिकवणार आहेत.”

“अहो, पण आता लोकांना तोंड कसं दाखवायचं? पालकांना काय सांगू?”

बाईंनी पत्रं टेबलावर ठेवली नाहीत, हातातच घट्ट धरली.

“मुलं रोज शाळेत येत होती म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या. “मीच आत घेत नव्हते.”