अंगठेबहाद्दर

खेळण्यातली विमानं म्हटलेलं त्यांना खपत नसे, म्हणून आपणही नुसतं विमानं म्हणू. वीटभट्टीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी ती उडवायला चौदा सभ्य गृहस्थ जमत. धर्म, राजकारण, पगार, बायका यांवरून त्यांच्यात कधी वाद झाला नाही. वाद एकाच गोष्टीचा होता. ट्रान्समीटरच्या दांड्या धरायच्या कशा?

ट्रान्समीटर म्हणजे गळ्यात अडकवायचा, जेवणाच्या डब्याएवढा खोका. त्यावर करंगळीच्या पेराएवढ्या दोन दांड्या. डावीकडे वेग आणि शेपूट, उजवीकडे नाक आणि पंख. काही लोक या दांड्यांच्या डोक्यावर नुसते अंगठे टेकवतात. काही लोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दांडी धरतात, मीठ उचलावं तशी. दोन्ही प्रकारांनी विमान उडतं आणि दोन्ही प्रकारांनी ते पडतं. पण हे त्या मैदानावर मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, कारण तिथे घड्याळजी होते.

घड्याळजींनी पंचेचाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची आणि ती बसेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, अशी त्यांची रीत. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते विमान असं उतरवत की जणू कुणी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मते माणसात आणि माकडात फरक चिमटीचा होता, आणि अंगठ्याने उडवणाऱ्यांसाठी त्यांनी एक शब्द राखून ठेवला होता : अंगठेबहाद्दर.

आता दैव असं की त्यांच्या एकुलत्या एक मुलीने लग्न केलं ते नोंदणी कचेरीतल्या कारकुनाशी. दस्तावर लोकांचे अंगठे उमटवून घ्यायचे, हेच त्याचं काम. घड्याळजींना एवढं कोलीत पुरेसं होतं. त्यात या जावयाला विमानांचा नाद लागला. त्याने कौतुकाने ट्रान्समीटर हातात घेतला आणि दोन्ही दांड्यांवर अंगठे टेकवले.

"वा, जावईबापू," घड्याळजी म्हणाले, "कचेरी सुटली तरी सवय सुटत नाही म्हणायची."

कडेच्या बाकावरचे सगळे सभासद हसले. हे बारा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर मैदानावरच्या प्रत्येक रविवारी बाक हसत आला होता. जावयाचं विमान चांगलं उतरलं तर घड्याळजी म्हणत, "आंधळ्याच्या काठीलाही कधीकधी दार लागतं." वाईट उतरलं तर म्हणत, "सही करता आली असती तर?" चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांनी जावयाला रंगीत कागदात गुंडाळलेली भेट दिली. आत निळ्या शाईचा स्टँप पॅड होता. पाहुणे पोट धरधरून हसले. त्याची बायकोही हसली. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण जावयाने ते पाहिलं. पाहुण्यांना तो महिन्याभरात विसरला. तोंडावरचा तो हात मात्र त्याला अधूनमधून स्वप्नात दिसे.

मग एके रविवारी एका ऐंशी वर्षांच्या सभासदाचं विमान क्लबच्या अध्यक्षांच्या गाडीची काच फोडून मागच्या सीटवर जाऊन बसलं. अध्यक्ष पेशाने गुरांचे डॉक्टर, म्हणजे सोशिक माणूस. पण गाडी नवी होती. आठ दिवसांत नियम झाला. सत्तरीपुढच्या प्रत्येकाने परीक्षा द्यायची. आकाशात इंग्रजी आठ काढायचा आणि फक्कीच्या दोन रेघांमध्ये विमान उतरवायचं. दोनदा नापास झाल्यास एकट्याने उडवायची परवानगी रद्द. परीक्षा घ्यायची सुरक्षा सचिवाने. सचिव कोण, तर जे पद कुणालाच नको होतं ते मागच्या सभेत ज्याच्या गळ्यात पडलं होतं तो : जावई. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात. इथे बोक्याला शिंकं कशाशी खातात हेसुद्धा तोवर ठाऊक नव्हतं.

परीक्षेची पद्धत साधी होती. दोन ट्रान्समीटर वायरने जोडायचे. एक उमेदवाराच्या गळ्यात, दुसरा परीक्षकाच्या. परीक्षकाच्या खोक्यावर एक स्प्रिंगचं बटण. ते दाबून धरलं की विमान उमेदवाराचं ऐकतं. बोट उचललं की त्याच क्षणी परीक्षकाचं. विमान वेडंवाकडं जायला लागलं तर परीक्षकाने ते वाचवावं, म्हणून ही सोय.

"दावणीला बांधताय होय मला?" वायर जोडताना घड्याळजी म्हणाले. "बांधा. पण बघून ठेवा हं, दांडी कशी धरतात ते. फुकटची शिकवणी आहे."

"सोडा विमान, बाबा," जावई म्हणाला. "बटण दाबलंय. तुमच्याकडे आहे."

त्यांचं पिवळं विमान गवतावरून अलगद उठलं. दोन हिवाळे खपून त्यांनी ते बांधलं होतं. आठचा पहिला गोल त्यांनी असा काढला की अध्यक्षांच्या तोंडून "अहाहा" निघालं. घड्याळजींनी मान न वळवता विचारलं, "जावईबापू, स्टँप पॅड आणलाय ना? निकालावर शिक्का लागेल."

बाक हसला.

जावयाची तर्जनी बटणावरून सुटली. पापणी लवते तेवढाच वेळ. तेवढ्यात त्याच्या उजव्या अंगठ्याने दांडीला एक टिचकी मारली आणि बोट पुन्हा बटणावर गेलं. वर पिवळं विमान शिंक आल्यासारखं हललं.

"वारा सुटला का?" घड्याळजींनी विचारलं.

"पान हलत नाहीये, बाबा."

एकदाच, असं त्याने ठरवलं होतं. पण बारा वर्षं उपाशी असलेल्या माणसाने एकाच घासावर थांबावं ही अपेक्षा जरा जास्तच. दुसऱ्या गोलात विमान दोनदा थरथरलं. उतरताना आणखी एकदा थरथरलं, रेघेबाहेर आपटलं आणि चाक मोडलं. सगळे आकाशाकडे बघत होते, जावयाच्या बोटाकडे कुणी बघितलं नाही. घड्याळजी मात्र आकाशाकडेही बघत नव्हते. ते स्वतःच्या चिमटीकडे बघत होते.

"घड्याळजी," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "हाताला काही त्रास…?"

"हात घड्याळासारखे चालतात माझे."

"पण कुठल्या घड्याळासारखे?" बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि बाक हसला. घड्याळजींना हसण्याची बाकाची ती पहिलीच वेळ होती. जावयाला वाटलं, हसण्याची चव इतकी चांगली असते हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही?

घरी घड्याळजींनी एक बंद पडलेलं जुनं घड्याळ उघडलं, त्याचे एकोणीस भाग कागदावर मांडले आणि पुन्हा बसवले. घड्याळ चालू झालं. मग ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने हात पुढे करायला लावले, त्यांवर कागद ठेवून पाहिला आणि म्हणाला, "तिशीतले हात आहेत. घरी जा."

"घरी थरथरत नाहीत," घड्याळजींनी संध्याकाळी मुलीच्या घरी येऊन सांगितलं. "विमान हाती आलं की थरथरतात. असं कसं होतं हो, जावईबापू?"

"होतं असं, बाबा. वय म्हणायचं," जावई म्हणाला. कचेरीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला 'साहेब आज नाहीत' सांगायचा त्याचा जो मऊ आवाज होता, त्याच आवाजात.

महिन्याने दुसरी परीक्षा झाली. या वेळीही चार टिचक्या. परवानगी रद्द झाली. यापुढे घड्याळजींनी उडवायचं ते जावयाच्या वायरीला बांधूनच. त्यांनी कागदावर मुकाट्याने सही केली. सही सुरेख आली, त्याचा त्यांना आणखीच त्रास झाला.

त्यानंतरच्या रविवारी ते जावयाला बाजूला घेऊन म्हणाले, "मला अंगठ्याने धरायला शिकवता का?"

जावयाने हा क्षण बारा वर्षांत मनात बऱ्याच वेळा रंगवला होता, पण इतका स्वस्तात मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने शिकवलं. टोमणा एकही मारला नाही. "घाई नाही, बाबा. असं. दांडीच्या डोक्यावर पेर टेकवा. दाबू नका. चुकलं तरी चालेल." इतकं गोड बोलला की बाकावरचे लोक म्हणायला लागले, सासऱ्याचं करावं तर असं. बटण त्याने इमानदारीने दाबून धरलं, एकही टिचकी मारली नाही. त्यामुळे घड्याळजींची खात्री पटली की दोष चिमटीतच होता. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. "चाळीस वर्षं चुकत होतो. जावईबापूंचंच बरोबर होतं." बाकाने टाळ्या वाजवल्या.

पण अंगठा काही वळेना. त्र्याहत्तर वर्षांत त्या अंगठ्याने तर्जनीशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं. आठ काढायला जावं तर बटाटा निघे. दर रविवारी ते एकेक बटाटा काढत आणि विचारत, "आज बरा होता ना?" हळूहळू विनोद बंद झाले. मग बोलणं बंद झालं. मुलगी एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाबा जेवताना हात मांडीखाली ठेवून बसतात. घास घ्यायचा तेवढा काढतात. त्यांना एकदा पास करून टाका ना. तुमच्याच हातात आहे."

"बघू," तो म्हणाला. खरं तर त्यालाही कंटाळा आला होता. पाडून झालेल्या माणसाला किती पाडणार? तिसरी परीक्षा लावायची, बटण घट्ट दाबून धरायचं, म्हातारा पास होईल आणि प्रकरण मिटेल, असं त्याने ठरवलं.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी घड्याळजी म्हणाले, "चिमटीनेच उडवतो. पडायचंच तर आपल्या चालीने पडू."

"उडवा, बाबा. तुमच्याकडे आहे," जावई म्हणाला, आणि त्याने बटण इतकं घट्ट दाबलं की नख पांढरं पडलं.

विमान उठलं. पहिल्या गोलात ते हललं. जावयाने आपल्या तर्जनीकडे पाहिलं. ती बटणावरच होती. विमान पुन्हा हललं, आणि मग हलतच राहिलं. आता ती शिंक नव्हती, थंडी वाजल्यासारखी हुडहुडी होती. त्याने शेजारी पाहिलं. घड्याळजींची चिमूट खरोखर थरथरत होती. कधी थरथरेल याची वाट बघूनबघून ती थरथरायला शिकली होती. विमानाने नाक खाली घातलं आणि ते वीटभट्टीच्या धुराड्याकडे निघालं.

जावयाने बोट उचललं.

अंगठ्यांनी त्याने विमान सावरलं, वळवलं, आठचा दुसरा गोल पुरा केला, असा की स्वतः घड्याळजींनी पूर्वी काढला असता. सगळ्यांच्या माना वर होत्या. त्याने वेग कमी केला आणि विमान फक्कीच्या रेघांमध्ये आणलं. चाकं गवताला लागल्याचं कळलंही नाही.

"पास!" अध्यक्ष ओरडले. "घड्याळजी, पास! अहो, काय उतरवलंत!"

बाक उभा राहिला, टाळ्या वाजवायला लागला. जावयाने मान वळवली. घड्याळजींचे दोन्ही हात छातीपाशी हवेत होते, तापल्या तव्यावरून काढल्यासारखे. दांड्या मोकळ्या होत्या. धुराडं दिसलं तेव्हाच त्यांनी घाबरून हात काढले होते, आणि तेव्हापासून ते आपल्याशिवाय उडणारं आपलं विमान बघत होते.

घड्याळ उघडलं की बिघाड कुठे आहे हे त्यांना फार शोधावं लागत नसे. त्यांनी वायरीकडे पाहिलं. वायरीवरून नजर जावयाच्या खोक्यावर, खोक्यावरून बटणावर, बटणावरून तर्जनीवर गेली. टाळ्यांच्या आवाजात त्यांनी अगदी हळू विचारलं.

"त्या दोन्ही दिवशी… तेही तुम्हीच होतात का?"

आवाजात राग नव्हता. आशा होती. 'हो' म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने बहुधा आधी आनंदाने उडी मारली असती आणि मग कानफटात दिली असती. एका शब्दात त्यांचे हात त्यांना परत मिळणार होते. जावयाला हे स्वच्छ कळलं. त्याला हेही कळलं की तो शब्द आज संध्याकाळी बायकोच्या कानावर जाईल, उद्या बाकाच्या, आणि पुढची बारा वर्षं तोच ऐकावा लागेल.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "आज सांभाळून घेतलं मी, तेवढंच. तेव्हा तुमचाच हात हलला होता."

घड्याळजींनी बटणावरची नजर काढून घेतली. मग मान हलवली.

"मला उगाच शंका आली," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका."

त्यांनी खोका गळ्यातून काढला. वायर स्वतःच सोडवायला गेले, पण खाच सापडेना. दोनदा बोटं घसरली. शेवटी त्यांनी जावयाला ती काढायला सांगितली, आणि अध्यक्षांना हाक मारून म्हणाले, "नापास लिहा हो. विचारा हवं तर यांना."

अध्यक्षांनी जावयाकडे पाहिलं.

"हो," जावई म्हणाला. "नापासच."