रोड रोलरचं साल

आमच्या गावात इसवी सनाला फारसा मान नाही. कुणाच्या लेकीचं लग्न कधी झालं विचारा, उत्तर येतं, "छत्रीच्या साली." बोअरला पाणी कधी लागलं? "शिट्टीच्या आदल्या उन्हाळ्यात." पाहुण्यांना वाटतं, ही एखादी जुनी कालगणना असावी. जुनी वगैरे काही नाही. ती प्रेमानंद बनसोड्यांच्या पराभवांवर चालते.

प्रेमानंदराव जिल्हा परिषदेला छत्री घेऊन पडले, पंचायत समितीला शिट्टी घेऊन पडले आणि विधानसभेला कपबशी घेऊन पडले. तिन्ही वेळेला अपक्ष, आणि तिन्ही वेळेला उभं राहायचं कारण एकच: चार नळकांड्या.

तामलवाडीच्या पुढं डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती, वस्तीच्या खाली ओढा आणि ओढ्यापलीकडं वस्तीची स्मशानभूमी. ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात, आणि पावसाळा सरल्यावरही बरेच दिवस, तिरडी खांद्यावरून डोक्यावर घ्यावी लागते. प्रेमानंदरावांच्या वडिलांची तिरडी ओढा उतरायची वाट बघत दिवसभर समाजमंदिराच्या ओट्यावर थांबली होती. "माझा बाप जित्तेपणी कुणासाठी थांबला न्हाय," ते त्या दिवशी म्हणाले, "मेल्यावर ओढ्यासाठी थांबला."

तिथून ते चार सिमेंटच्या नळकांड्यांवरचा पूल मागायला निघाले. ग्रामपंचायत म्हणाली, एवढा निधी आमच्याकडं कुठला, हे जिल्हा परिषदेचं काम. म्हणून ते जिल्हा परिषदेला उभे राहिले. जे निवडून आले त्यांनी सांगितलं, प्रस्ताव पंचायत समितीकडून यावा लागतो. म्हणून ते पंचायत समितीला उभे राहिले. तिथं कळलं की असली कामं आमदार निधीतून होतात. मग विधानसभा. आमदारांच्या स्वीय सहायकानं चहा पाजला आणि समजावलं, आधी ग्रामपंचायतीचा ठराव आणा. म्हणजे माणूस निघाला होता तिथंच परत आला, मधल्या काळात केस तेवढे पांढरे झाले. दुसरा कुणी असता तर खचला असता. पण प्रेमानंदराव धंद्यानं विमा एजंट. 'नाही' हा शब्द त्यांना नमस्कारासारखा वाटतो.

प्रत्येक पराभवानंतर ते मिरवणूक काढायचे. गुलाल, हलगी आणि तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ. "निवडून येणारा लोकांचे आभार मानतो," ते म्हणायचे. "मला काय एकबी मत पडलं न्हाय व्हय?" मिरवणूक समाजमंदिरापासून निघायची आणि ओढ्याच्या काठाला संपायची, कारण पुढं जायला पूल नव्हता. माळ किराणा दुकानदार शरणबसप्पा आधीच बाजूला काढून ठेवायचा. निकालासाठी खोळंबून राहावं अशी काही परिस्थिती नसायची.

यंदा सरपंचपद खुलं सुटलं आणि प्रेमानंदरावांनी अर्ज भरला. समोर रणधीर, पस्तिशीतला, दोन ट्रॅक्टर आणि एका जीपचा मालक. बाकी कुणी नाही. तेव्हा गावच्या तंटामुक्तीचे अध्यक्ष बंडप्पा यांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. तंटा नव्हता, पण मुक्तीची हौस होती.

"प्रेमानंदराव," बंडप्पा म्हणाले, "आजूबाजूला निवडणुकीपायी डोकी फुटत्यात. आपलं गाव बिनविरोध करू. तालुक्यात नाव निघंल."

"विरोध नसला तर बिनविरोध," प्रेमानंदराव म्हणाले. "माझा हाय की."

"तो मागं घ्यायचा."

"मग मागं घेतलेला विरोध म्हणा."

पण म्हणायचं आधीच ठरलं होतं. भिंतीला टेकवून बॅनर उभा होता: 'गाव एक, विचार एक'. मधे हात जोडलेला रणधीर आणि खाली पासपोर्ट आकाराचे पंधरा-वीस शुभेच्छुक. शेवटच्या ओळीत प्रेमानंदरावही होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. फोटो त्यांच्या विधानसभेच्या पत्रकातून कापला होता आणि कोपऱ्यात अर्धी बशी राहून गेली होती. त्यांनी वाकून तो बघितला.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले. "विचार कुणाचा, तेवढं खाली लिवा."

रणधीर पुढं सरकला. "काका, उगं ताणू नका. मागं घ्या. निवडून आलो की पहिलं काम तुमचा पूल. शब्द देतो."

वस्तीतली चार-पाच माणसं दाराशी उभी होती, त्यांनी प्रेमानंदरावांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत 'पूल' हा शब्द समोरच्या बाजूनं पहिल्यांदाच आला होता.

"सगळे हायतच," प्रेमानंदराव म्हणाले. "लिवून द्या, सही करा."

"असं कुठं असतंय व्हय?" बंडप्पा म्हणाले. "शब्दावर इश्वास न्हाय का?"

"शब्दावर हाय. पण शब्दावरून तिरडी न्यायला जरा अवघड जातंय." ते उठले. "इचार करतो. एक का दोन ते बघून सांगतो."

घरी मालनबाई भाकरी थापत होत्या. बैठकीची बातमी नवऱ्याच्या आधी घरी पोचली होती.

"खरंच बांधणार असला तर?" त्यांनी विचारलं. "तुमच्या हट्टापायी पूल गेला तर वस्ती तोंडात शेण घालंल. पयलं माझ्या."

"उभा राहिलो तर पडणार."

"ते सगळ्या जिल्ह्याला ठावं हाय."

"मागं घेतला तर पूल व्हईल, न व्हईल. पण न्हाय झाला तर जाब कशाच्या जोरावर इचारायचा? मतच दिलं न्हाय, तर त्यो म्हणंल, तुम्ही कोण? आन् मत मागायचं नसलं तर त्यो ह्या गल्लीत येईल कशाला? त्याला ओढा कुठल्या दिशेला हाय ते तरी ठावं हाय का?"

मालनबाईंनी भाकरी उलटली.

"मग ह्या सालाला काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चिन्हच मिळालं न्हाय तर साल कशाचं? पुढच्या महिन्यात नातीचं बारसं हाय. पोरीनं मोठं झाल्यावर काय सांगायचं? बिनविरोधाच्या साली जन्मले?"

प्रेमानंदरावांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. घरातला ठराव असा मंजूर झाला.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत होती. रणधीरच्या जीपनं सकाळपासून प्रेमानंदरावांचा शोध चालवला. शेतात नव्हते. समाजमंदिरात नव्हते. मग जीप बेंबळीला त्यांच्या मेव्हण्याकडं गेली. मेव्हणा म्हशीला पाणी पाजत होता. "दाजी व्हय? ते सकाळीच तुळजापूरला गेले, तहसीलला. अर्जाचं काहीतरी काम हाय म्हणले."

माणसाला जे ऐकायचं असतं त्यावर तो फार चौकशा करत नाही. रणधीरनं जीपमधूनच गावाला फोन लावला. "काका स्वतः गेलेत. झालं बिनविरोध."

प्रेमानंदराव तहसीलमधेच होते. निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून शेंगाचटणी आणि भाकरी खात होते. लपायला याहून चांगली जागा नव्हती, कारण शोधणाऱ्यांना त्यांना शोधून इथंच आणायचं होतं.

रणधीर आणि बंडप्पा पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. रणधीरनं वाटेत हार घेतला होता. त्यानं तो प्रेमानंदरावांच्या गळ्यात घातला आणि वाकून पाया पडला.

"काका, मन लई मोठं तुमचं."

"सुखी राहा," प्रेमानंदराव म्हणाले. "कशाबद्दल?"

"अर्ज मागं घेतला म्हणून."

"न्हाय घेतला."

बंडप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. दोन्ही घड्याळांचं एकमत होतं. तेवढ्यात अधिकाऱ्यानं चिन्हवाटपासाठी पुकारा केला आणि प्रेमानंदराव गळ्यातल्या हारासकट आत गेले. बाहेर येताना त्यांच्याकडं रोड रोलर होता. आमच्या गावाच्या वाट्याला रोड रोलर येण्याची ती पहिलीच वेळ.

रणधीर फोनवर ओरडत होता. "थांबवा, थांबवा म्हणतो ना." पण पलीकडून कडकडाट सोडून काही ऐकू येत नव्हतं. तेरखेड्याहून आणलेल्या सगळ्या माळा गावानं मारुतीच्या पारासमोर एकाला एक जोडून पेटवल्या होत्या. आवाज थांबल्यावर तिकडचा कार्यकर्ता म्हणाला, "दादा, एक बी राहिली न्हाय. आता काय करू?"

"झाडून घे," रणधीर म्हणाला.

मग रीतसर प्रचार झाला, आणि रणधीरला वस्तीत यावं लागलं. दसरा झाला होता. परतीचा पाऊस यंदा दणकून पडला होता. मालनबाईंनी त्याला अंगणात खुर्ची दिली, चहा दिला.

"पुलाचं काय रे बाबा?"

"काकू, निवडून आलो की करतो."

"बिनविरोध झाला असतास तर बी निवडूनच आला असतास की. मग मत कशाला मागतोस?"

रणधीरनं चहा बशीत ओतला आणि बशीकडंच बघत प्यायला.

प्रेमानंदराव पडले. पण मोजणीत एक अडचण निघाली. त्यांना वस्तीत जेवढी मतं आहेत त्याहून बरीच जास्त मतं पडली. ही वरची कुणाची, याचा तपास गावात अजून चालू आहे. 'विचार एक' मानणारी माणसं पारावर एकमेकांकडं निरखून बघतात. बंडप्पा सध्या पारावर येत नाहीत.

विजयी मिरवणुकीला मात्र माळ नव्हती. तेरखेड्याला फोन केला तर दिवाळी तोंडावर, सगळा माल बाहेर गेलेला. रणधीर गुलालानं माखलेला शरणबसप्पाच्या दुकानात आला.

"आप्पा, माळा हैत का?"

"दोन हैत. पण बुकिंग हाय."

"कुणाचं?"

"पडणाऱ्याचं," शरणबसप्पा म्हणाला. "जुनं गिऱ्हाईक हाय, मोडता येत न्हाय."

तेव्हा सरपंच झालेला माणूस वस्तीत गेला. समाजमंदिरासमोर प्रेमानंदरावांची मिरवणूक उभीच होती, हलगी तापत होती.

"काका, एक माळ द्या. मिरवणूक मुकी वाटायलीय."

"दोन्ही घे. अभिनंदन बी घे," प्रेमानंदराव म्हणाले. "पण वाजवायच्या ओढ्यापलीकडं."

"मसणात?"

"मसणात कशाला? अलीकडं बाभळ हाय, तिच्यापाशी. आमची मिरवणूक दरवेळी काठाला संपती. यंदा सरपंच संगं हायत, म्हणलं जरा पुढं जावं."

नाही म्हणायची सोय नव्हती, मागं दोन्ही मिरवणुका एक झाल्या होत्या आणि सगळ्यांना बघायचं होतं. रणधीरनं पांढरी विजार गुडघ्याच्या वर खोवली, बूट काढून कार्यकर्त्याकडं दिले आणि माळा भिजू नयेत म्हणून खोकं डोक्यावर घेतलं. पुढं प्रेमानंदराव, मागं सरपंच, डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेलं खोकं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिलं आणि हलगी आपोआप थांबली. असं डोक्यावर धरून पलीकडं काय नेतात, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मधल्या धारेला पाणी मांडीला लागलं. रणधीरचा पाय शेवाळावरून सरकला. तो सावरला आणि तिथंच उभा राहिला.

"काका," तो हळू म्हणाला, "इथं खरंच पूल पाहिजे."

प्रेमानंदराव वळले. "व्हय का?" ते म्हणाले. "जिल्हा परिषदेला उभा राहून बघ."

माळा बाभळीखाली वाजल्या. पहिल्या ग्रामसभेत पुलाचा ठराव झाला, मांडला स्वतः रणधीरनं. गावच्या दप्तरात तो असा पहिलाच ठराव. तो आता जिल्हा परिषदेत जाऊन पडला आहे आणि तिथून हलत नाही. त्यामुळं पुढच्या वेळी प्रेमानंदराव पुन्हा जिल्हा परिषदेला उभे राहणार आहेत. मालनबाईंचं म्हणणं एवढंच, की चिन्ह नवीन घ्या, दोन छत्र्या झाल्या तर हिशेब चुकंल.

परवा ते शरणबसप्पाकडं माळ सांगायला गेले होते.

"काढून ठिवतो," शरणबसप्पा म्हणाला. मग थोडा घुटमळला. "आन् समजा, निवडूनच आलात तर?"

प्रेमानंदरावांनी यावर कधी विचार केलेला नव्हता.

"तर मग पुलावर वाजवू," ते म्हणाले.