मुजियोनोचं ‘इंगिह’

“पाक मुजी, तुम्ही कशाला झाडताय? द्या इकडे,” म्हणत शेजारच्या माक सारिंतेनने मुजियोनोच्या हातातला खराटा काढूनच घेतला. इकडे जावात मोठ्या बाईला माक म्हणतात, मोठ्या पुरुषाला पाक.

तिच्या स्वतःच्या घरात अजून घोटाभर गाळ होता. शिलाई मशीनची मोटर पाण्यात गेली होती, लोकांनी शिवायला टाकलेलं कापड गेलं होतं, आणि ही बाई पंपघराची पायरी झाडायला आली होती. वर केळीच्या पानात तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, घेऊन आली होती. मुजियोनोने एक तुकडा उचलला आणि पानातच परत ठेवला.

“तुमचा काय दोष यात?” ती झाडता झाडता म्हणाली. “त्या बाताक बाईने वायर जोडून घेतली नाही म्हणे. वस्ती बुडाली तर त्यांचं काय जातंय, राहतात डोंगरावर.”

मुजियोनोने मान हलवली. समोरचा काहीही बोलला की मान हलवायची ही त्याची जन्माची सवय.

जावा बेटावरच्या सेमारांग शहराच्या उत्तर किनाऱ्यावरची ही वस्ती समुद्राच्या पातळीखाली गेलेली. भरतीचं पाणी आत आलं की ते बाहेर फेकायला बांधाच्या कडेने सहा पंपघरं आहेत. तिसऱ्या पंपघराचा मुजियोनो हा मेकॅनिक, रखवालदार, झाडूवाला, सगळंच. पूर्वी भरतीच्या वेळी तो स्वतः उभा राहून पंप चालू करायचा. मग शहरातल्या कंट्रोल रूममधून पंप चालवायची सोय झाली आणि प्रत्येक पंपघराच्या लोखंडी कपाटात एक लहानशी, जाडजूड पेटी येऊन बसली. स्विच म्हणतात तिला. खाऱ्या हवेने ती गंजत नाही, पंपाच्या धडधडीने हलत नाही, उन्हाने कपाट तापलं तरी तिचं काही बिघडत नाही. पेटीला पेटी केबलने जोडत जायचं आणि शेवटी पहिलीशी आणून भिडवायचं, म्हणजे त्यांचं कडं होतं. मग एका बाजूने केबल तुटली तरी हुकूम दुसऱ्या बाजूने फिरून येतो. पेटीत खोट नव्हतीच. खोट माणसात होती. तिसऱ्या पंपघरात एकाच बाजूची केबल जोडलेली होती. दुसरीचं टोक बाहेरच्या खड्ड्यात गुंडाळून पडलं होतं.

ती केबल पाइपातून ओढून घ्यायला दोन माणसं लागत. शेजारच्या पंपघरावरच्या कास्दीला हाक मारली की काम झालं असतं. पण कास्दीची बायको नुकतीच गेली होती, चाळिसाव्याचं जेवणही व्हायचं होतं. अशा माणसाला कामाला कसं बोलवायचं? मुजियोनोला भीड पडली. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण जावात ती घरची सून आहे. तिला दुखवून कुणी उंबऱ्याबाहेर पडत नाही.

त्याच दिवसांत तिउर्मा बाईंचा फोन आला. या पेट्या बसवणारी इंजिनिअर, सुमात्राकडची, बाताक जमातीची. तिकडची माणसं साधं बोलली तरी जावाच्या माणसाला भांडण वाटतं. तिने सरळ विचारलं, दुसरी केबल जोडली का? मुजियोनो म्हणाला, “इंगिह.”

इंगिह म्हणजे होय. मोठ्यांशी अदबीने बोलायचं होय. पण त्यात ‘झालं’ही येतं, ‘करतो’ही येतं, आणि ‘आपण बोललात ते ऐकलं’ एवढंच असलं तरी इंगिहच. जावाचा माणूस समोरच्याच्या आवाजावरून ओळखतो यातलं कुठलं ते. तिउर्माला कुठून ओळखता येणार? तिने पुढच्या पंपघराला फोन लावला. मुजियोनोचा बेत तर होता की कास्दीकडचा चाळिसावा झाला की जोडूनच टाकू. मग रोजे आले, ईद आली, आणि बेत बेतच राहिला.

परवा रस्ता खोदणाऱ्या यंत्राने जोडलेल्या बाजूची केबल तोडली. सुट्टीचा दिवस, मुजियोनो भाचीच्या लग्नाला देमाकला गेलेला. कंट्रोल रूममधल्या पोराने बटण दाबदाब दाबलं. तिसरा पंप काही हलला नाही. मुजियोनो मिळेल त्या गाडीने येईपर्यंत माक सारिंतेनच्या मशीनवरून पाणी गेलं होतं.

दुपारी साहेब आले. पाक प्रासेत्यो म्हणजे लोण्यासारखा माणूस, उभ्या नोकरीत कुणावर आवाज चढवलेला नाही. बरोबर दोन अधिकारी आणि तिउर्मा. सगळे पंपघरात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. साहेबांनी आधी भाचीच्या लग्नाची चौकशी केली, देमाकच्या पेरूंची केली. मग अगदी शुद्ध, दरबारी जावा भाषेत विचारलं,

“बाईंनी तुम्हाला दुसऱ्या केबलचं कधी विचारलंच नव्हतं. असंच ना, पाक मुजी?”

तिउर्मा खुर्चीत पुढे सरकली. “मी फोन केला होता. यांनी हो म्हटलं होतं.”

“त्यांनाच बोलू द्या ना,” साहेब हसून म्हणाले.

मुजियोनोने आपल्या पायांकडे पाहिलं. नखांत गाळ होता. नाही म्हणायला जावा भाषेत ‘म्बोतेन’ असा गोड शब्द आहे, पण वरिष्ठाने वाक्य असं ताटात वाढून दिल्यावर ते परत सारायचं कसं? आणि ते सारलं तर नोकरी कुणाची जाणार, हेही त्याला कळत होतं. तोंडातून आपोआप निघालं, “इंगिह.”

आपण फक्त ‘ऐकलं’ म्हणालो, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मन काही साहेबांसारखं मऊ नव्हतं. यावेळचं इंगिह कुठलं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तिउर्माने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपाटाची किल्ली परत द्यायला एकटीच आली. तिला कामावरून काढल्याचं वस्तीला आधीच कळलं होतं. वाटेत बायका तिला पाहून आत गेल्या. किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली,

“एक विचारू? इंगिह नको. तुमच्या दरबारी भाषेतलं काहीच नको. मी फोन केला होता की नव्हता?”

“केला होता,” मुजियोनो बाजारात बोलतात त्या साध्या भाषेत म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. “मी हो म्हणालो. जोडली नव्हती.”

“काल का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“आणि आज?”

“आज जास्त वाटतेय.”

तिउर्माने दारातून बांधाकडे पाहिलं. मग तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. “संध्याकाळी मोठी भरती आहे. चला, दुसरं माणूस मिळालंय तुम्हाला.”

ती खड्ड्यात उतरली. ती बाहेरून केबल सारायची, तो आतून ओढायचा. पाइपात गाळ बसला होता, खेकड्यांनी घर केलं होतं. दोघं कामापुरतंच बोलत होती, सोड, थांब, ओढ. टोक आत आल्यावर तिने ते फडक्याने पुसून पेटीत बसवलं. बंद दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. तिने कपाट लावलं, नळावर पाय धुतले आणि सामान उचलून गेली. मुजियोनोने तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर ती तिला द्यावी लागली असती, आणि तेवढंही तिच्याकडून घ्यायचं तोंड त्याला नव्हतं.

थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. कंट्रोल रूममध्ये तिसरं पंपघर परत दिसायला लागलंय, एवढ्या चिखलात पाक मुजींनी एकट्याने काम उरकलं, शाबास, म्हणाले.

मुजियोनोने डोळे मिटले. “म्बोतेन,” तो म्हणाला. साहेबांना नाही म्हणायची त्याची पहिलीच वेळ. “म्बोतेन, साहेब. बाईंनी जोडली. त्यांनी फोनही केला होता. चूक माझी होती, आणि काल मी खोटं बोललो.”

पलीकडे साहेब प्रेमाने हसले.

“अहो, तुम्ही असंच म्हणणार, हे मी इथे आत्ताच सगळ्यांना सांगत होतो. श्रेय दुसऱ्याला, दोष आपल्याला. जुनी माणसं ही अशी. असू द्या, पाक मुजी. त्या विषयावर पडदा पडलाय.”

“म्बोतेन, साहेब,” तो पुन्हा म्हणाला. फोन ठेवला गेला होता.

तो बाहेर आला. बांधावर बायका भिजलेल्या गाद्या उन्हात उलटत होत्या. माक सारिंतेनला एकटीला गादी पेलवत नव्हती, म्हणून तो दुसरं टोक धरायला वाकला.

“तुम्ही नका हो,” ती म्हणाली. “दमलात किती. कोणी तरी खुर्ची आणा गं पाक मुजींना.”

खुर्ची आली. बायकांनी ती पदराने पुसली आणि सावलीत ठेवली. सगळ्या थांबून त्याच्याकडे पाहत होत्या, म्हणून तो बसला.