दोन तासांची वायर

अरे थांबा, खाताय काय, आधी ऐका! नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत काय झालं माहितीये? एवारिस्तोचं डुक्कर अर्धवट भाजून थांबलं!

एवारिस्तो आठवतो ना, आमच्या समोरचा? ते मोठं वादळ झालं तेव्हा आमच्या डोंगरात चार महिने लाइट नव्हती, आणि आमच्या गल्लीत जनरेटर फक्त त्याच्याकडे. माझ्या नेरेइदाआत्याला डायबेटीस. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहावं म्हणून बाबांनी हातापाया पडून रस्त्यावरून वायर आणली. तर हा म्हणे, दिवसाला दोन तास! घड्याळ घेऊन बसायचा. दोन तास झाले की खट्कन पिन उपटायचा, आणि त्याच जनरेटरवर मोठ्याने गाणी लावून डॉमिनो खेळायचा. इन्सुलिन बिघडलं, आत्याची शुगर चढली, पायाची जखम चिघळली. डावा पाय गुडघ्याखाली कापला तिचा.

तेव्हापासून मी ठरवलेलं, ह्याला सोडायचं नाही. आत्या मात्र एक शब्द बोलायची नाही. तिने गुपचूप छपरावर सोलर पॅनल लावले आणि बैठकीत ही एवढी बॅटरी. मग ह्याला कुठे राहवतंय! ह्यानेही लावले, आमच्या दुप्पट, पण बॅटरी नाही. "बॅटरी बावळटांसाठी. सूर्य काय रजेवर जातो?" असं म्हणाला आणि जनरेटरही विकला!

तर परवा सकाळपासून त्याचं डुक्कर निखाऱ्यांवर, सळई फिरवायला मोटर, दोन वाजता चाळीस पाहुणे. दहाला लाइट गेली. डोक्यावर हे असं ऊन, छपरावर पॅनल चमचम करतायत, आणि मोटर बंद! अरे, बॅटरी नसली तर लाइन गेली की पॅनलपण आपोआप बंद होतात. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. गल्लीतल्या शेंबड्या पोरांना माहितीये, ह्याला नाही! पॅनलच्या भिंतीवरच्या डब्याला चापट्या मारत होता, टीव्हीला मारतात तशा. हाताने फिरवायचा दांडा तर मोटर लावताना कापून टाकलेला.

आणि मग आला की वायर घेऊन आमच्या दारात!

"नेरेइदा, अगं, जरा लावू दे ना."

"अजिबात नाही!" मी ओरडले.

"लावू दे गं त्याला," आत्या म्हणाली. मला रडूच आलं. मग तिने विचारलं, "किती वेळ, एवारिस्तो?"

"चार तास, फार तर."

"दोन."

"दोन तासांत डुक्कर भाजतं का?"

"दोन तासांत फ्रिज गार होतो का?"

तो हसला. "कसला फ्रिज?"

आठवतच नव्हतं त्याला! खरंच सांगते, माझ्या अंगाची आग झाली. आत्याने ओट्यावर खुर्ची टाकली, खोटा पाय काढून कठड्याला उभा केला, शेजारी घड्याळ ठेवलं, आणि बर्फ घातलेला पेला हातात. बसली.

सव्वाबाराला एका पायावर उठली, भिंत धरून, आणि खट्!

एवारिस्तो धावत आला. "अगं, आत कच्चं आहे! तुमची बॅटरी भरलेली आहे ना?"

"भरलेली आहे. तुझ्या जनरेटरची टाकीपण भरलेली असायची."

तेव्हा त्याने कठड्याकडे पाहिलं. त्या पायाकडे. मग आत्याकडे. आमच्या फ्रिजचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"इन्सुलिन," तो म्हणाला.

"आठवलं? जा मग, फिरव. करपेल."

पाच वाजेपर्यंत फिरवलं त्याने! सळईला पाना अडकवून, हाताला ओली फडकी, धुराने डोळे लाल, आणि चाळीस माणसं उपाशी. त्याचा जावई मदतीला उठला तर आत्या इकडून ओरडली, "त्यालाच फिरवू दे!" आणि जावई बसला ना खाली! सगळ्या गल्लीला माहिती होतं रे.

संध्याकाळी स्वतः आला, तळहातावर हे मोठे फोड, त्यावर ताट. सगळ्यात कुरकुरीत कातडी आत्यासाठी. मला वाटलं, आत्या ताट त्याच्या तोंडावर मारणार. तिने घेतलं, झाकलं, फ्रिज उघडून आत ठेवलं.

"राहील," म्हणाली. "कितीही दिवस."