दर्शनाची परकी गिऱ्हाइकं

दर्शना मांडवकरचं सासूशी ठरलं होतं. गणपतीच्या आत मोबाईलमधून एकदा तरी पैसे यायचे, नाहीतर देवरूखच्या काजू कारखान्यात कामाला जायचं. धंदा तसा सोपा. खरेदीच्या अ‍ॅपवरची एखादी वस्तू निवडायची, तिचा व्हिडिओ करायचा, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी ती घेतली की कंपनी कमिशन देणार.

वस्तू तिने अचूक निवडली. माकडं पळवायची बंदूक. आवाज मोठा, इजा कुणालाच नाही. माकडांबद्दल मांडवकरवाडीत दुमत नाही. एकमत म्हणावं असा तेवढाच विषय. व्हिडिओत सासूबाई, म्हणजे विमलाबाई, पडवीत बसून बंदूक उडवताना दिसल्या आणि आठवड्यात अर्ध्या वाडीने बंदुका मागवल्या. वाडीचा चढ बघून कुरिअरवाला भावेश वर येत नसे. सगळी पार्सलं तो खाली आप्पांच्या दुकानात ठेवून जाई.

मग कंपनीचा मेसेज आला. गिऱ्हाइकांचं आडनाव एक, पत्ता एक. नातेवाइकांच्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. हे आपले नातेवाईक आहेत का? खाली दोन बटणं, होय आणि नाही.

दर्शना चुलतसासऱ्यांकडे, धाकूकाकांकडे गेली.

"काका, तुम्ही माझे कोणी नाही असं कंपनीला कळवू?"

"शिवा माझा कोण नाय असं कळव," काका म्हणाले. शिवा त्यांचा सख्खा भाऊ. एका फणसावरून बोलणं बंद. "पायजे तर सही देतो. पण तू आमची सून. तुला कसा नाय म्हणू?"

शिवाकाकांनीही हेच सांगितलं, फक्त नाव धाकूचं घेऊन. शेजाऱ्याला परकं ठरवायला प्रत्येक घर एका पायावर तयार. दर्शनाला परकं म्हणायला कोणी धजेना. तिच्या लग्नात मानपानावरून रुसलेली अक्षयाआत्यासुद्धा म्हणाली, "रुसलंय मी, पण आत्या हायच ना गो?"

एवढी माया, आणि रुपया एक नाही. दर्शनाने 'होय' दाबलं. बंदुका धडाधड बाद झाल्या. एकच उरली. गिऱ्हाईक भावेश भुवड, सावर्डे. तिने त्याला फोन लावला.

"तुम्ही कशाला घेतलीत?"

"तुमच्या एवढ्या पोचवल्या ताई, वाटलं आपण पण बघू. सावर्ड्यात माकडं काय कमी आहेत?"

"मांडवकरांशी काही नातं?"

"अजून तरी नाही."

कमिशन मंजूर झालं. चौदा रुपये, महिनाअखेरीस जमा होणार.

"चवदाच?" विमलाबाईंनी चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"पैसे यायचे एवढंच ठरलं होतं, आई. किती ते ठरलं नव्हतं."

विमलाबाईंना हे पटलं नाही, पण खोडताही येईना. काजूचा विषय त्यांनी सोडला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "तो कुरिअरवाला. सावर्ड्याला घर स्वताचं हाय काय गो त्याचं?"

"का?"

"काय नाय. धाकूभावजींची सलोनी लग्नाची झालीय. पोरगा कमावता हाय, बंदूकपण घेतलीन."

दर्शनाने मोबाईल पालथा ठेवला.

"आई," ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत कोणाला काही बोलू नका."