क्लच निघाला की येतो

नानांनी मुलाला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले नाना नव्हते. "गाडीचा क्लच निघाला, नवा बसला, गाडी चालू झाली, की तिच्यातच बसून तुझ्याकडे कायमचा राहायला येतो. तिला इथे टाकून मी यायचा नाही." मुलाने हसत हो म्हटलं. त्याला वाटलं, क्लचच तो, निघायला कितीसा वेळ लागणार? क्लच त्याने पाहिला नव्हता, आणि बापाला पाहूनही तो फारसा ओळखत नव्हता.

गाडी म्हणजे चार जाडजूड चाकं, एक दणकट सांगाडा आणि बसायला दोन कडक सीटं. टप नाही, दारं नाहीत. नाना मोजणी खात्यात होते तेव्हा ही गाडी त्यांना दगडधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून घेऊन हिंडायची. खात्याने तिला भंगारात काढलं आणि नानांनी घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवलं. तिचा क्लच इंजिनच्या शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसवलेला होता. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत गंजाने तो असा धरला, की भल्याभल्यांनी हात टेकले.

भलेभले म्हणजे दोघंच. इंजिनिअर आणि वकील, दोघेही नानांसारखेच निवृत्त. दर रविवारी सकाळी दोघे क्लच काढायला येत. इंजिनिअरने आयुष्यभर पूल बांधले होते, निदान पुलांच्या फायलींवर सह्या तरी केल्या होत्या. वकिलाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरच्याच्या बोलण्यातली खोट काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. इंजिनिअर म्हणायचा, तापवा. वकील म्हणायचा, सील जळालं तर जबाबदार कोण? इंजिनिअर म्हणायचा, मग ठोका. वकील म्हणायचा, शाफ्ट वाकला तर? तेवढ्यात चहा यायचा. चहानंतर क्लचवर रॉकेल ओतलं जायचं, क्लच ओढून काढायच्या पुलरचा बोल्ट पान्याने जरासा आवळला जायचा आणि "पुढच्या रविवारी बघू" म्हणून काम संपायचं. काम संपलं तरी दोघांना घरी जायची घाई कधीच नसे.

नाना या कारभारावर बेहद्द खूश होते. मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांना कोणी काही कमी पडू दिलं नसतं, आणि नेमकी त्याचीच त्यांना धास्ती होती. तिथे वेगळी खोली होती, मऊ गादी होती, पथ्याचं जेवण होतं, आणि उठता-बसता "बाबा, तुम्ही राहू द्या" होतं. इथे त्यांना राहू द्या म्हणणारं कोणी नव्हतं. बायको गेल्यापासून स्वतःचा चहा स्वतः करायचा, शेडचं कुलूप स्वतः काढायचं आणि रविवारी दोन म्हाताऱ्यांचं भांडण फुकटात बघायचं. हे सोडून जायचं नानांच्या जिवावर आलं होतं.

आणि मागच्या महिन्यात घात झाला. नाना दुपारी एकटेच शेडमध्ये होते. मनात काही नसताना, उगीच, त्यांनी आवळलेल्या पुलरवर हातोडीचा एक ठोका मारला आणि क्लच टुणकन सुटून त्यांच्या मांडीवर आला. आनंद? छे! नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी उठून शेडचं दार लावलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या दाढेवरची कॅप सैल झाली होती. सून दातांची डॉक्टर. तिने फोनवर चार गोष्टी सुनावल्या आणि "दवाखान्यात येईपर्यंत कॅप यात बसवा" म्हणून कुरिअरने दोन छोट्या ट्यूब पाठवल्या. दोन्ही मिसळल्या की लवंगेच्या वासाचं पांढरं सिमेंट तयार होई. नानांनी क्षणभर दाढेचा विचार केला, क्षणभर क्लचचा केला, आणि सगळं सिमेंट शाफ्टला फासून क्लच होता तिथे बसवून टाकला. कॅप कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात गेली. तेव्हापासून नाना एकाच बाजूने चावत होते, पण सुखाने चावत होते.

या रविवारी सकाळी दारात सूनच उभी राहिली.

"बाबा, आज क्लच काढूनच जाणार आहे. यांनी खोलीला रंगसुद्धा दिलाय."

"अगं, आधी चहा तरी घे," नाना म्हणाले.

शेडमध्ये तिने दवाखान्यातले रबरी हातमोजे चढवले तेव्हा इंजिनिअरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सूनबाई, ही दाढ नाही. तापवल्याशिवाय हलायचा नाही तो."

"तापवायचा नाही आणि ठोकायचाही नाही, काका. व्हिडिओ बघून आलेय. बाबा, तांब्याभर पाणी आणता? आणि नळाची ती पांढरी टेप."

नाना लगबगीने घेऊन आले. तिने पुलर बाहेर काढला, क्लचच्या मधल्या भोकात पाणी भरलं, पुलरच्या आट्यांवर टेप गुंडाळली आणि पुलर परत आत फिरवला. "पाणी दाबलं जात नाही," ती म्हणाली. "बाहेर पडायला वाट नाही मिळाली की ते क्लचला ढकलतं."

"आणि इंजिनात शिरलं तर?" वकिलाने हरकत घेतली.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. पान्याला आणखी जरा जोर दिल्यावर ठप्प आवाज झाला, वकिलाच्या शर्टवर पाणी उडालं आणि क्लच सुनेच्या हातात आला. शेडभर लवंगेचा वास सुटला.

"जुनं ऑइल आहे," इंजिनिअर जाणकारासारखा म्हणाला. "असाच वास येतो त्याला."

"कुठल्या ऑइलला लवंगेचा वास येतो रे?" वकिलाने विचारलं.

"पूर्वीच्या. आता तसं ऑइलच येत नाही."

शाफ्टवरचा पांढरा थर सुनेने पान्याच्या टोकाने खरवडला, नाकापाशी नेला आणि नानांकडे वळली.

"बाबा, आ करा."

"आत्ता? इथे?"

"आ करा म्हणते ना."

दोन मित्रांच्या देखत नानांनी आ केला. दाढेवर कॅप नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही चुकीची नोंद न केलेला माणूस शेडमध्ये तोंड वासून उभा होता, आणि मिटायचीही त्याला हिंमत होत नव्हती. आता मुलाला कळणार, तो हसणार, मग रागावणार, आणि सामान बांधायला घेणार.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलाचाच होता. तिने स्पीकर चालू केला.

"काय गं, निघाला का?"

नानांनी डोळे मिटले.

"नाही हो," सून म्हणाली. "फारच घट्ट बसलाय."

पलीकडून मुलाने सुस्कारा सोडला. "काका लोक काय म्हणतात?"

"अशक्य आहे," इंजिनिअर म्हणाला. सुटलेला क्लच एव्हाना त्याच्याच हातात होता. सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. ओल्या शर्टाचा वकील घसा खाकरून पुढे झाला.

"माझी काही हरकत नाही," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर नानांनी खिशातली कागदाची पुडी काढून सुनेपुढे धरली. शाळेत कैऱ्या चोरताना सापडले होते, तेव्हाही त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

"मला नाही यायचं गं तिकडे," ते म्हणाले. शेवटी एवढंच निघालं तोंडातून.

"मग तसं सांगायचं ना! मागच्या खेपेला आलात तेव्हा दिवसभर सोफ्याच्या कडेवर बसून होतात, पाहुणा बसतो तसे. मला दिसलं नाही का? आज पाणी आणायला कसे पळालात! यांना मी सांगते हळूहळू. दुखत नसलेला दात आम्हीसुद्धा उगीच काढत नाही." तिने इंजिनिअरच्या हातून क्लच घेतला, फडक्याने पुसला आणि शाफ्टवर नीट बसवला.

"आता पुढच्या रविवारी मीच येते, दाढेचं बघायला," हातमोजे उतरवत ती म्हणाली. "आणि हे सिमेंट तात्पुरतं असतं, बाबा. येताना पक्कं घेऊन येईन. दोन्हीला पुरेल एवढं."