सावली रक्षाची, मंत्र महाराजांचा

तुमसरला ताराचंद सेठच्या राइस मिलच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. धानाचे ट्रॅक्टर बाहेर खोळंबलेले, आणि ट्रॅक्टरवाले आत, कॉम्प्युटरवरून लिंबू ओवाळणाऱ्या डोमा महाराजांकडे आ वासून बघत. पोत्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम उघडला रे उघडला की बंद पडत होता.

"मशीनले बाधा आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "या पोरीची सावली पडून राहिली."

पोरगी म्हणजे रक्षा, मिलची ऑपरेटर. सोमवारपासून येऊ नको, असं सेठनं तिला सांगूनही टाकलं होतं. तिला रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त. रोज ती प्रोग्राम नव्यानं टाकायची, दिवसभर तो गुमान चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रडगाणं. सावली काय फक्त सकाळीच पडते?

सकाळी काय होतं, ते तिला आठवलं. मिल उघडली की सेठ अगरबत्ती लावत, मग महिन्याभरापूर्वी महाराजांनी दिलेला पेनड्राइव्ह लावून त्यातला मंत्र वाजवणारा प्रोग्राम सुरू करत.

"सेठजी, एक डाव पाहू द्या मले."

तिनं प्रोग्राम नव्यानं टाकला आणि मुद्दाम कॉम्प्युटरला खेटून बसली. प्रोग्राम चालू. "पडली ना सावली? आता मंत्र लावा." मंत्र घुमला, प्रोग्राम बंद! तिनं पुन्हा करून दाखवलं, पुन्हा तेच.

"काहून असं होते, बाई?" टिकारामनं विचारलं. धानाचा ट्रॅक्टर घेऊन तो सकाळपासून ताटकळला होता.

"काही फायली सगळ्या प्रोग्रामच्या सामाईक असतेत, काका. मिलमधी काटा कसा सगळ्यायले एकच! हा मंत्राचा प्रोग्राम येतानी सोबत जुनी फाइल घेऊन येते अन् नवीनवर टाकते. आपल्या प्रोग्रामले ते जुनी चालत नाही."

"खोटं! मंत्रानं कधी बिघडते का?" महाराज गरजले.

"नाही ना? मंग तुमच्या झोळीतल्या लॅपटॉपमधी लावू हा पेनड्राइव्ह? भक्तायची यादी त्यातच आहे ना?"

झोळीकडे तिचा हात जाताच महाराज ताडकन उठले. "हात नको लावू! मागं एकदा यानंच बिघडला होता!"

आधी टिकाराम हसला, मग अख्खं ऑफिस. महाराज झोळी छातीशी धरून निघाले, ते लिंबूही विसरले.

सेठनं पेनड्राइव्ह उपसून काढला. मान खाली घालून म्हणाले, "रक्षा, सोमवारी वेळेवर येजो."

बाबांनो, यंत्र अडलं तर आधी त्यात नवं काय घातलं ते तपासा. माणसाच्या सावलीनं आजवर एकही यंत्र बिघडलेलं नाही. ते लिंबू रक्षानं दुपारी वरणात पिळलं, आणि तिनं पुन्हा टाकलेला प्रोग्राम सोमवारी सकाळीही चालला.